घर वाढते, वायर वाढते : घरच्या घरी करायच्या वीजकामाचे नियम



गळीत हंगाम आटोपून उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आपल्या कार्यक्षेत्रातील गावोगावी घरांपुढे वाळूचे ढीग आणि सळईचे भारे दिसू लागतात. कुणी थोरल्या मुलाच्या लग्नासाठी माडीवर खोली काढतो, कुणी पडवी बंद करून स्वयंपाकघर वाढवतो, कुणी परसात पत्र्याचे शेड मारून गोठा आणि कडबाकुट्टी एका छपराखाली आणतो. बांधकामाला गवंडी ठरतो, चौकटीला सुतार ठरतो, नळाला प्लंबर बोलावतात. विजेच्या कामाला मात्र कुणी ठरवावा लागत नाही. "अहो, दोन वायरी तर ओढायच्या आहेत, ते आपला बाळू करील!" जुन्या खोलीच्या बोर्डातून दोन वायरी काढायच्या, भिंतीला भोक पाडून पलीकडे न्यायच्या, एक होल्डर, एक प्लग, एक पंखा. झाले काम. संध्याकाळी दिवा लागला की सगळे खूश.

हा बाळू हुशार असतो, यात शंका नाही. पंपाचा स्टार्टर तो डोळे झाकून खोलतो. पण त्याने केलेले हे काम कायद्यात बसते का, आणि बसत नसेल तर का बसत नाही, याची चौकशी फारसे कुणी करीत नाही. सभासदांनी हे एकदा नीट समजून घ्यावे, म्हणून हा लेख.

रेघ कुठे मारली आहे

आपल्या देशात घरच्या विजेच्या कामाचा नियम नवा नाही. १९१० च्या भारतीय वीज कायद्याखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यातला ४५ वा नियम ग्राहकाने घ्यावयाच्या खबरदारीचा होता. पुढे २००३ चा वीज कायदा आला आणि त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० साली सुरक्षिततेचे विनियम काढले. त्यांच्या जागी आता २०२३ चे विनियम लागू आहेत. पुस्तक तीनदा बदलले, पण या नियमाचा गाभा तोच राहिला.

तो गाभा असा. घरमालकाला बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणे आणि फिटिंग यांची बदली करण्याची मोकळीक आहे. मात्र त्या बदलीने मूळ जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. याखेरीज जे काही काम आहे, म्हणजे नवी जोडणी, वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती, ते परवानाधारक विद्युत कंत्राटदारानेच करावयाचे, आणि तेही सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली.

म्हणजे जळालेला स्विच काढून तसलाच दुसरा बसवला, तर तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. जुना पंखा उतरवून नवा टांगला, तरी चालते. पण जिथे प्लग नव्हता तिथे प्लग काढला, जिथे वायर नव्हती तिथे वायर नेली, की ती रेघ ओलांडली. वाढीव खोलीचे किंवा परसबागेचे जवळजवळ सगळेच काम या रेघेच्या पलीकडे पडते. दोन वायरींचे काम लहान वाटते खरे, पण नियम कामाचा आकार पाहत नाही. तो बदली आणि वाढ एवढाच फरक पाहतो.

बाळू आयटीआय झालेला आहे, हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकतो. आयटीआयचे प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे. त्या शिक्षणाच्या आधारावर तारतंत्री म्हणून परवाना काढावा लागतो. सरकारी कागदात वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवावा, कारण परवान्यावर तोच छापलेला असतो. कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री या तिघांचे कागद वेगवेगळे असतात. तालुक्याच्या गावी परवानाधारक कंत्राटदार सहज मिळतो. गावातला वायरमन त्याच्या हाताखाली काम करीत असेल, तर अतिउत्तम. आपला बाळूही तसा काम करू शकतो. त्याच्या हुशारीला कागदाची जोड मिळाली तर त्याचे आणि गावाचे दोघांचेही भलेच होईल.

इथे थोडे विषयांतर करतो. असले नियम फक्त आपल्याकडेच आहेत असे कुणाला वाटू नये. इंग्लंडात घरमालकाला स्वतः वायरिंग करायची मोठी हौस. तिथे २००५ साली 'पार्ट पी' नावाचा इमारत नियम आला. तिथला घरमालक स्वतः काम करू शकतो, पण नवे सर्किट काढायचे किंवा न्हाणीघरात काम करायचे, तर स्थानिक इमारत खात्याला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. बागेतल्या कामाचीही आधी अशीच सूचना द्यावी लागे. २०१३ साली ती बरीच सैल केली. आपला नियम त्याहून कडक आहे आणि त्याहून जुनाही. फरक पाळण्यात आहे, आणि त्याला गिऱ्हाईक जितके जबाबदार तितकीच यंत्रणाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परवाना पाहायला कुणी घरी येत नाही म्हणून नियम कागदावर राहतो. मग तो एकदम आठवतो अपघाताच्या पंचनाम्यात.

फ्यूज कुणासाठी असतो

आता हा नियम का केला, ते पाहू. बहुतेकांचा समज असा, की "फ्यूज आहे, काही झाले तर उडेल." काही घरांत जुने पांढरे किटकॅट फ्यूज असतात, तर बऱ्याच ठिकाणी आता एमसीबी आल्या आहेत. दोन्हींचे काम एकच, ते म्हणजे वायरीतून प्रमाणाबाहेर प्रवाह गेला तर तो तोडणे. वायर तापून घराला आग लागू नये, यासाठी ही व्यवस्था.

माणसाचा हिशेब निराळा आहे. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. ओल्या हातातून ओल्या पायाकडे एवढाच प्रवाह काही क्षण गेला, तरी काळजाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. फ्यूज असतो ५ किंवा १५ अँपिअरचा. माणूस चिकटून पडला तरी त्या फ्यूजच्या लेखी घरात एक बल्ब जास्त लागला एवढेच. तो उडायचे काही कारणच नाही. आणि त्यात कुणी फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार पिळून घातली असेल, तर वायरीचेही रक्षण गेले.

माणसाचे रक्षण करायला दोन गोष्टी लागतात. एक अर्थिंग आणि दुसरी आरसीसीबी नावाची पेटी. बाजारात तिला कुणी ईएलसीबीही म्हणतात. अर्थिंगचे काम असे, की इस्त्रीच्या, मोटारीच्या किंवा फ्रीजच्या धातूच्या अंगावर चुकून फेज उतरली, तर तिला जमिनीकडे सोपी वाट द्यायची. आरसीसीबी फेजमधून किती प्रवाह गेला आणि न्यूट्रलमधून किती परत आला, याची सतत तुलना करते. दोन्ही सारखे असले तर ठीक. परत आलेला प्रवाह कमी भरला, म्हणजे तो कुठेतरी जमिनीत, भिंतीत किंवा माणसाच्या अंगातून चालला आहे. घरगुती पेटीत ही तफावत ३० मिलिअँपिअर, म्हणजे अँपिअरचा शंभरातला तिसरा भाग, झाली की सेकंदाच्या अंशात ती वीज तोडते. १५ अँपिअरच्या फ्यूजशी ताडून पाहा, पाचशे पट फरक आहे.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरला, तर तिला काही कळत नाही, कारण गेलेले सगळे परत येते. जादा भार किंवा शॉर्टसर्किट हाही तिचा प्रांत नव्हे, त्यासाठी एमसीबी सोबत लागतेच. आणि तिच्या पोटात यंत्र आहे, ते गंजू शकते. म्हणून तिच्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेले बटण असते. ते महिन्याकाठी एकदा दाबून पाहावे. दाबल्यावर पडली तर ठीक, न पडली तर बदलावी.

आता खरी गंमत पाहा. (गंमत म्हणायचे आपले, गोष्ट जिवाशी आहे.) पुष्कळ घरांत ही पेटी बसवलेली असते, पण वाढीव खोलीचे काम झाल्यावर ती वरचेवर पडू लागते. कारण साधे असते. नव्या खोलीत फेज एका सर्किटमधून आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्या सर्किटमधून घेतलेला असतो. किंवा परसातला एखादा जोड पावसात भिजून जमिनीत वीज सोडत असतो. पेटी आपले काम चोख बजावते आहे. पण घरात टीव्ही बंद पडतो, आरडाओरडा होतो, आणि बाळू पेटीला वळसा घालून वायर सरळ जोडून देतो. "आता नाही पडायची!" खरेच पडत नाही.

खोली वाढताना काय काय गाडले जाते

घर वाढवताना विजेचे तीन घोटाळे आम्हाला वारंवार दिसतात, आणि तिन्ही बांधकाम सुरू होण्याआधीच टाळता येण्यासारखे आहेत.

पहिला अर्थिंगच्या खड्ड्याचा. जुन्या घराचे अर्थिंग बहुधा मागच्या भिंतीपासून चार-पाच हातांवर असते, आणि घर वाढते तेही मागच्याच बाजूला. पाया खणताना पाइप आडवा आला की तो कापला जातो, किंवा त्यावर फरशी बसते. हिरवी वायर भिंतीतून बाहेर येते आणि कुठेच जात नाही. वरून सगळे ठीक दिसते. तीन पिनांचा प्लग तीन भोकांत बसतो. धोका कुणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून गवंड्याला चुना मारायला सांगण्यापूर्वी अर्थिंग कुठे आहे ते शोधावे. ते नव्या पायात येत असेल तर दुसरे करून घ्यावे. पाइपाच्या अर्थिंगला निदान ३८ मिलिमीटर आतल्या व्यासाचा जस्तलेपी पाइप अडीच मीटर लांबीचा लागतो, आणि तो इमारतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. भोवती कोळसा आणि मिठाचे थर घालायची आपली जुनी पद्धत आहेच. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहावे. मुरमाड जमिनीत तर हे विसरून चालतच नाही.

दुसरा घोटाळा मीटरचा आणि खांबावरून आलेल्या सर्व्हिस वायरचा. पडवी बंद केली की पडवीतला मीटर घरात येतो. माडी चढवली की सर्व्हिस वायर नव्या गच्चीच्या कठड्याला घासू लागते. मीटर हलवणे किंवा त्याचे सील तोडणे हे ना तुमच्या अधिकारात, ना कंत्राटदाराच्या. ते वीज वितरण कंपनीचे काम. पूर्वीच्या वीज मंडळाचे २००५ साली तुकडे झाले आणि वितरण महावितरणकडे आले, हे सभासदांना माहीत आहेच. तिच्या शाखा कार्यालयात अर्ज देऊन मीटर आणि वायर रीतसर हलवून घ्यावी. त्याच अर्जासोबत भार वाढवून मागावा, कारण नव्या खोलीत गीझर आणि परसात कडबाकुट्टी आली की मंजूर भार पुरत नाही.

तिसरा सर्वांत घातक, तो म्हणजे डोक्यावरून गेलेल्या लाइनचा. नियमांत अंतरे बांधून दिलेली आहेत आणि ती प्रत्येक घरमालकाने पाठ करावीत. घराच्या सपाट गच्चीवरून साधी ४१५ व्होल्टची उघडी लाइन जात असेल, तर गच्चीपासून तिची उंची किमान २.५ मीटर हवी. बाजूने जात असेल तर आडवे अंतर १.२ मीटर. ११ हजार व्होल्टची लाइन असेल तर उभे अंतर ३.७ मीटर, आडवे १.२ मीटर. ३३ हजारची असेल तर उभे तेवढेच, आडवे मात्र २ मीटर. ही अंतरे वारा-उन्हाने तार जास्तीत जास्त झोळ खाते त्या स्थितीत मोजायची असतात. सकाळी गार हवेत मोजून समाधान मानू नये.

आज लाइन घरावरून पुरेशी उंच आहे. उद्या दहा फूट माडी चढवली, की तीच लाइन गच्चीवर उभ्या माणसाच्या हातात येते. लाइन आधी होती आणि घर नंतर वाढले, अशा वेळी जबाबदारी घर वाढवणाऱ्यावर येते. लाइनच्या खाली किंवा जवळ बांधकाम करायचे असेल, मग ते कायमचे असो वा तात्पुरते, तर महावितरणला आणि विद्युत निरीक्षकाला आधी लेखी कळवावे, असा नियमच आहे. लाइन सरकवण्याचा खर्च सहसा घरमालकाला भरावा लागतो, तो आधी विचारून घ्यावा. आणि काम चालू असतानाचा धोका तर वेगळाच. सळई १२ मीटर लांबीची येते. ती उभी करून माडीवर चढवताना तोल गेला, की ११ हजारच्या तारेला टेकायचीही गरज नसते. जवळ गेली तरी ठिणगी ओढून घेते. स्लॅबच्या दिवशी घाई असते, माणसे पुष्कळ असतात. त्या दिवशी महावितरणला कळवून वीज बंद ठेवून घेतली, तर अर्ध्या दिवसाच्या गैरसोयीपलीकडे काही होत नाही.

परसातली वीज

परसबाग म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे गुलाबाची कुंडी येते. आपल्या परसात पेरू, शेवगा आणि अळूचे वाफे असतात, पण गोठा, कडबाकुट्टी, पाण्याची टाकी, न्हाणी आणि कपडे वाळत घालायची तारही असते. जमीन ओली, पाय बहुधा अनवाणी आणि वर पत्रा. विजेने माणूस सापडायला याहून सोयीची जागा नाही. म्हणून इथे घरापेक्षा जास्त कसोशी लागते.

कपड्यांच्या तारेपासूनच सुरुवात करू. पत्र्याच्या शेडच्या खांबाला एक टोक आणि घराच्या खिळ्याला दुसरे, अशी जस्ताची तार घराघरात दिसते. शेडला दिव्यासाठी नेलेली वायर पत्र्याच्या धारेवरून वाकलेली असते. वाऱ्याने पत्रा हलतो, वायरीचे आवरण कापले जाते, पत्रा जिवंत होतो आणि त्याबरोबर तारही. सकाळी ओला पिळा घेऊन जी बाई तिथे जाते, तिने यातले काहीच केलेले नसते. यावर तोड अगदी स्वस्त आहे. धातूची तार काढून नायलॉनची दोरी लावा. आणि पत्र्यातून किंवा पत्र्याच्या कडेने जाणारी वायर प्लॅस्टिकच्या पाइपातून न्या. हे दुसरे काम वायरमनचे आहे, पण पहिले आज दुपारी तुम्हीच करू शकता, त्याला कसलाच परवाना लागत नाही.

घरापासून गोठ्यापर्यंत वायर नेण्याचे दोन मार्ग. वरून नेली तर माणूस, बैलगाडी, उसाने भरलेली ट्रॉली यांच्या वाटेचा विचार करावा. रस्ता ओलांडणाऱ्या साध्या दाबाच्या लाइनला नियमाप्रमाणे ५.८ मीटर उंची लागते. घरच्या बांबूवर टांगलेली वायर त्याच्या निम्म्यानेही भरत नाही. झाडाच्या फांदीला बांधलेल्या वायरीबद्दल तर न बोललेलेच बरे. खालून न्यायची असेल तर लोखंडी कवचाची आर्मर्ड केबल घ्यावी, आणि ती पाऊण मीटर, म्हणजे अडीच फूट खोल चरात, वाळूच्या थरावर टाकून वर विटा रचून बुजवावी. नुसत्या घरगुती वायरी पाण्याच्या काळ्या पाइपात घालून वीतभर मातीखाली पुरणे म्हणजे कुदळीची वाट पाहणे आहे. केबल कुठून गेली त्याचा एक कच्चा नकाशा काढून ठेवावा. दहा वर्षांनी तिथे कोण खणणार आहे, हे आज कुणाला ठाऊक नसते.

वायरीच्या जाडीबद्दल एक हिशेब मांडतो, कारण बाळू इथे नेमका चुकतो. जुने लोक १/१८, ३/२२, ३/२०, ७/२० असे आकडे सांगत. आता चौरस मिलिमीटरमध्ये वायर मिळते. २ अश्वशक्तीची सिंगल फेज कडबाकुट्टी चालताना साधारण १० अँपिअर घेते. तिला घरातल्या दिव्याची १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर २०० फूट नेली, तर जाऊन-येऊन जवळजवळ २२ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. सुरू होताना मोटार कित्येक पट प्रवाह मागते. तेव्हा इतका दाब पडतो, की मोटार नुसती घुमते, फिरत नाही. वायर तापते, मोटार जळते, आणि दोष कंपनीला दिला जातो. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर घट ९ व्होल्टच्या घरात येते. गोठ्याला घरातूनच स्वतंत्र सर्किट, त्याची स्वतंत्र एमसीबी आणि आरसीसीबी, आणि अर्थिंगची तिसरी वायर, एवढे तरी हवेच.

थ्री फेज मोटार असेल तर नियम आणखी कडक आहे. तिच्या अंगाला अर्थिंगच्या दोन स्वतंत्र जोडण्या लागतात. वार्षिक सभेला आलात की आपल्या कारखान्यात मोटारींकडे नजर टाका, प्रत्येकीच्या पायाशी दोन पट्ट्या दिसतील. एक तुटली तर दुसरी असावी, हा त्यातला विचार. तोच नियम तुमच्या विहिरीवरच्या मोटारीला आणि तिच्या स्टार्टरलाही लागू आहे.

गाई-म्हशींबद्दल दोन शब्द. गोठ्याच्या ओल्या जमिनीत वीज उतरली, की एका जागी दाब जास्त आणि पाच फुटांवर कमी असतो. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय त्या दोन ठिकाणी पडतात, आणि प्रवाह पोटातून, काळजाजवळून जातो. माणसाच्या दोन पायांत अंतर थोडे, म्हणून जिथे माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथे म्हैस जागीच कोसळते. जनावर गोठ्यात जायला अडते, गव्हाणीला तोंड लावत नाही, धार काढताना सारखे पाय झाडते, अशा वेळी बाहेरचे काही पाहण्याआधी वायरमनला बोलावून गोठ्याचे अर्थिंग तपासून घ्या.

आणखी एक वाईट चाल सांगितली पाहिजे. शेतीपंपाची लाइन रात्री एका फेजवर आली, की वस्तीवर एक फेज घ्यायची आणि न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेली सळई किंवा बोअरचा पाइप वापरून दिवे लावायचे. दिवे लागतात खरे. पण ज्या क्षणी ती वायर सळईपासून सुटते, त्या क्षणी सुटलेल्या टोकावर दिव्यातून आलेली पूर्ण फेज उभी असते. आणि सुटली नाही तरी सळईच्या आसपासची ओली जमीन जिवंत राहते. शिवाय शेतीपंपाच्या जोडणीवरून घर चालवणे हा २००३ च्या कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो. त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते, आणि वापर कधीपासून चालू होता ते ठरवता आले नाही तर मागील बारा महिन्यांची. तारेवर आकडा टाकला तर ती कलम १३५ खाली सरळ चोरीच.

कुंपणात सोडलेली वीज

परसबाग ओलांडून उसाच्या फडाच्या बांधावर आलो, की रानडुकरांचा प्रश्न येतो. नुकसान होते, रात्र-रात्र जागून माणसे थकतात, हे आम्ही जाणतो. पण घरातली किंवा पंपाची वीज सरळ कुंपणाच्या तारेत सोडणे, हा या प्रश्नावरचा उपाय नव्हे. त्या तारेला डुक्कर, पाणी पाजायला निघालेला शेजारी आणि स्वतःचा मुलगा यांतला फरक कळत नाही. अशा तारेने माणूस दगावला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रसंगी सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे याहून गंभीर, गुन्हाही लागू शकतो. रानटी जनावर मेले तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहेच. बाजारात सौर बॅटरीवर चालणारी झटका यंत्रे मिळतात. ती थांबून थांबून क्षणभराचा ठोका देतात, जनावर पळते, मरत नाही. घ्यावयाचे तर तसले, प्रमाणित यंत्र घ्यावे. त्याला घरची लाइन जोडू नये, आणि कुंपणावर पाटी लावावी.

मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची, तिथल्या दोषाची जबाबदारीही ग्राहकाची. अपघात झाला तर त्याची खबर महावितरणला आणि विद्युत निरीक्षकाला द्यावी लागते, आणि चौकशीत पहिला प्रश्न येतो, काम कुणी केले? शेतकऱ्याचा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला तर शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसांना दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. तिथेही कागद लागतातच.

म्हणून काम देताना कंत्राटदाराच्या परवान्याचा क्रमांक आणि मुदत पाहून घ्यावी. काम पुरे झाल्यावर पैसे चुकते करण्याआधी त्याच्याकडून सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल मागावा. त्यात वायरीच्या आवरणाचा रोध आणि अर्थिंगचा रोध हे दोन्ही मोजलेले असावेत. स्विच फेजवरच आहे, न्यूट्रलवर नाही, हे टेस्टरने आपल्यासमोर दाखवायला सांगावे. न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज घातलेला नसावा. शेवटी आरसीसीबीचे बटण स्वतःच्या बोटाने दाबून ती पडते का पाहावे. अहवालाची एक प्रत वीजबिलांच्या फाइलीत ठेवावी. तार तुटून पडलेली दिसली तर हात न लावता, इतरांनाही दूर ठेवून, १९१२ या क्रमांकावर कळवावे.